फुग्यातली भाषा

१९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ काढला आणि पुढची बरीच वर्षे हिंदी प्रदेशातल्या गल्ल्यांमध्ये या हिरव्या कातडीच्या नायकाचे राज्य होते. रायपूर त्याला अपवाद नव्हते. चौबे कॉलोनीतल्या मराठी घरांतली मुलेही कॉमिक्स भाड्याने आणत, एका दुपारीत दोन-तीन संपवत आणि संध्याकाळी परत करत. घरात बोलणे मराठी, शाळा हिंदी किंवा इंग्रजी, आणि नागराज अर्थातच हिंदी. या मुलांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आले असेल की कथा परशुराम शर्मांची असली, तरी नागराजचा चेहरा, त्याचे दंड, त्याच्या मनगटातून सुटणारे साप हे सगळे प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराच्या हातचे होते.

हे एकच उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण भारतीय चित्रकथेच्या इतिहासात जागोजागी हेच दिसते. मराठीत कॉमिक्स रुजली नाहीत, अशी तक्रार आपण करतो. ती अर्धीच खरी आहे. मराठी माणसांनी कॉमिक्स भरपूर काढली, काही लिहिलीही. फक्त पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यात भाषा दुसरी होती. असे का झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीतून पाहिले तर अधिक स्पष्ट दिसते.

रायपूरच्या मराठी माणसाला ही कामाची वाटणी नवी नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगढात उतरली आणि १८५४ पर्यंत हा मुलूख या ना त्या रूपात त्यांच्या राज्याशी जोडलेला राहिला. पुढे १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेतले नोकरदार असे येत राहिले. जुन्या शहरातल्या तात्यापाऱ्याचे नावही तीच आठवण सांगते. पुढे वस्ती पसरली. आज शहरातल्या मराठी माणसाला महाराष्ट्र मंडळाचा पत्ता विचारलात तर तो चौबे कॉलोनीकडे बोट दाखवतो.

या समाजाने लिहिले, आणि पुष्कळ लिहिले. ते हिंदीत लिहिले. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे घरी मराठी बोलणारे. १९०१ मध्ये छापलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाते. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. मासिकाच्या मागे उभे राहिलेले वामनराव लाखेही मराठीच. रायपुरातला लाखेनगर त्यांच्या नावाचा आहे. पुढे राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले ते गजानन माधव मुक्तिबोध. थोरला भाऊ हिंदीतला मोठा कवी, धाकटे शरच्चंद्र मराठीतले. मुक्तिबोधांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी लिहिले आणि मध्य प्रदेश सरकारने १९६२ मध्ये त्यावर बंदी घातली. किशोरवयीन वाचकासाठी गंभीर पुस्तक लिहिण्याचा इतका मोठा प्रयत्न एका मराठी घरातल्या माणसाने आमच्या शेजारच्या गावात केला, तोही हिंदीतून. यात खंत करण्यासारखे काही नाही. ज्या समाजात राहायचे त्याच्या भाषेत लिहिणे हा मोठेपणाच आहे. मात्र देण्याची ही सवय लागलेल्या घरात स्वतःच्या मुलांसाठी काय उरले, हा प्रश्न वेगळा आहे.

आता चित्रांकडे वळू. बाहेरगावच्या मराठी घरांत चित्रांसह गोष्ट आली ती बहुधा ‘चांदोबा’तून. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले हे मासिक १९५२ पासून मराठीत निघू लागले. चित्रे सगळ्या भाषांना तीच, मजकूर तेवढा बदललेला. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने इंद्रजाल कॉमिक्स आणली आणि जंगलातला मुखवटेधारी वेताळ मराठीतूनही बोलू लागला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, १९८० मध्ये ‘टिंकल’.

या दोन्हींची श्रेयनामावली वाचण्यासारखी आहे. ‘अमर चित्र कथे’तला पहिला भारतीय नायक, कृष्ण, राम वाईरकरांनी काढला. ‘टिंकल’मधला सुपंडी त्यांचाच. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. दिलीप कदम यांनी किती अंक काढले याची गणती सोपी नाही. आणि ‘शिवाजी’ हा सुरुवातीच्या अंकांपैकी एक. चित्रे प्रताप मुळीकांची आणि संहिता भा. रा. भागवतांची. म्हणजे फुरसुंगीच्या फास्टर फेणेचे जनक, ‘बालमित्र’ मासिकाचे संपादक. मराठी मुलांसाठी आयुष्यभर लिहिलेल्या माणसाने महाराजांची गोष्ट इंग्रजी संहितेसाठी बांधून दिली, आणि ती मराठी मुलापर्यंत आली ती भाषांतराच्या दारातून.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी छापखान्यात डोकवावे लागते. रंगीत छपाईला चार प्लेटी लागतात: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. खर्च मुख्यतः चित्रांचा आणि रंगांचा. मजकूर काळ्या प्लेटीवर असतो. त्यामुळे एकदा अंक तयार झाला की भाषा बदलण्यासाठी काळी प्लेट तेवढी नवी करायची. बाकीच्या तीन त्याच चालतात. प्रकाशकाच्या दृष्टीने हा उत्तम हिशेब आहे. पण त्यात मूळ भाषा कोणती आणि काळ्या प्लेटीपुरती भाषा कोणती, हे पहिल्याच दिवशी ठरून जाते. मूळ भाषेच्या मापाने फुगा काढला जातो. मराठीची शब्दांना प्रत्यय जोडत जाण्याची रीत त्या मापात अवघडून बसते. मग भाषांतरकार वाक्य छाटतो, बोलीची लकब काढून टाकतो, आणि जंगलातला वेताळ पाठ्यपुस्तकासारखा बोलू लागतो. मराठी इंद्रजालची भाषा आज वाचताना हेच खटकते. तिच्यात चूक काही नाही, पण असे कोणी बोलत नाही.

बाजार लहान म्हणून मराठीत हे झाले, असे सांगतात. ते पुरेसे पटत नाही. बंगालीत नारायण देवनाथांनी १९६०च्या दशकात ‘हांदा भोंदा’ आणि ‘बांटुल’ काढायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशके ते चालू ठेवले. मल्याळममध्ये टॉम्स यांचे बोबन आणि मोली घराघरांत होते. तमिळमध्ये शिवकाशीच्या मुत्तू कॉमिक्सने परदेशी चित्रकथाच आणल्या, पण त्यांच्या वाचकांनी त्या तमिळ म्हणूनच आपल्याशा केल्या. या भाषांना मराठीहून फार मोठा बाजार होता असे नाही. त्यांची लिपी मात्र वेगळी होती.

माझे मत असे की देवनागरीने आपले जितके भले केले तितकेच इथे नुकसानही केले. रायपूरच्या बंगाली घरातल्या मुलाला बंगाली वाचायचे तर ती लिपी मुद्दाम शिकावी लागते. म्हणून घरचे शिकवतात, किंवा न शिकवल्याची बोच तरी त्यांना असते. मराठी मुलाला शाळेच्या पहिल्याच वर्षी देवनागरी येते. त्याला मराठी वाचता येते, असे सगळे धरून चालतात. तो हिंदी वाचत राहतो, आणि मराठीपासून किती लांब गेला हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पुण्या-मुंबईतही हिंदी कॉमिक्स याच कारणाने सहज खपली. वाचकाला लिपीची पायरी चढावी लागत नव्हती, तेव्हा प्रकाशकानेही वेगळी मराठी आवृत्ती काढण्याची घाई केली नाही.

दुसरे कारण आपल्या मनात आहे. मराठीत चित्रांची वाण कधीच नव्हती. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे होती, ‘आवाज’च्या दिवाळी अंकातल्या खिडक्या होत्या, व्यंगचित्रकारांची मोठी परंपरा होती. पण ही सगळी चित्रे मोठ्यांसाठी. मुलाने शब्द वाचावेत, चित्र हे फार तर त्या शब्दांपर्यंत नेणारे बोट, अशी आपली समजूत. वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’ १९०६चा, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ची, बालभारतीचे ‘किशोर’ १९७१चे. परंपरा लांब आणि सकस आहे, पण तिचा कणा संस्कार आणि गद्य हा आहे. कॉमिक्स वाचणाऱ्या मुलाला ‘काहीतरी चांगले वाच’ असे म्हणणारा बाप चौबे कॉलोनीत होता तसा सदाशिव पेठेतही होता. त्याला सणसणीत अपवाद चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’चा. नोव्हेंबर १९९१ पासून तो रोजच्या वर्तमानपत्रात आला आणि अस्सल मराठी घरगुती भाषा बोलला. तो लोकप्रिय झाला याचे मला कधीच आश्चर्य वाटले नाही. त्याच्यामागोमाग दुसरे दहा जण का आले नाहीत, याचे मात्र वाटते.

अलीकडच्या चित्रकादंबऱ्यांमध्ये तर ही वाटणी आणखी ठळक झाली आहे. पूर्वी मराठी हात बाहेर जात होते. आता मराठी विषय जाऊ लागले. २०११ मध्ये दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने दोन पुस्तके काढली. ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे महात्मा फुल्यांच्या १८७३च्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांचे. ‘भीमायन’ हे डॉ. आंबेडकरांच्या आठवणींवरचे, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. दोन्ही मूळ इंग्रजीत.

पहिले पुस्तक मला चांगल्या हेतूचे वाटले, पण भारावले नाही. फुल्यांची भाषा खडबडीत आहे, ती समोरच्याला अंगावर घेते, खेळवते, मध्येच शिवी हासडावी तसा शब्द टाकते. इंग्रजी फुग्यात तिचा मुद्दा पोचतो, पण झणका कमी होतो. काळ्या-पांढऱ्या रेषांत जोर आहे; बोलण्यात तो तितका नाही.

‘भीमायन’चे तसे नाही, आणि त्याचे कारण चित्रकारांत आहे. व्याम पती-पत्नी परधान गोंड चित्रकार. हा समाज मुख्यतः छत्तीसगढला लागून असलेल्या दिंडोरीच्या भागातला. त्यांनी पानाचे चौकोन पाडायला नकार दिला. माणसांना डब्यांत कोंबायचे नाही, हा त्यांचा विचार. भिंतीवर सारवणाच्या नक्षीतून काढतात तशा वळणदार दिग्ण्यांनी त्यांनी पान विभागले. १९०१ मधल्या त्या प्रवासात, मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहान भीमरावाला पाणी मिळत नाही, तेव्हा तहान, वाट आणि पाणी ही सगळी जिवंत प्राण्यांसारखी पानावर वावरतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी फुगाच बदलला. सौम्य माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. अपमान करणाऱ्याच्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. फुगा ही रिकामी जागा नाही, बोलण्याचा स्वभाव तिथे दिसू शकतो, हे जगभरच्या चित्रकथाकारांना शिकवण्यासारखे त्यांनी करून दाखवले.

आंबेडकरांनी त्या आठवणी स्वतः इंग्रजीतच लिहिल्या होत्या, तेव्हा भाषेबद्दल तक्रार करायला जागा नाही. तरी मनात येते: त्या वाटेवरचा तो गाडीवान मराठीत बोलला असणार. विंचवाची नांगी ज्या शब्दांना लागते ते शब्द मराठी होते. ते मराठीत वाचताना आपल्याला जास्त लागले असते, आणि लागायलाच हवे होते. कारण ते बोलणारे आपलेच लोक होते.

गंमतीच्या बाजूलाही हेच आहे. मुंबईचे अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ २०१२ मध्ये आली. नऊवारी नेसलेली, भ्रष्ट लोकांना चोप देणारी मावशी. कल्पना झकास, रेषा चपळ. मावशी मात्र इंग्रजीत बोलते, मध्येमध्ये मुंबईचे शब्द पेरून. नऊवारी चित्रात आहे आणि इंग्रजी फुग्यात.

किशोर कादंबरीकडे पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. इथे मराठी स्वतःच्या भाषेत लिहिते, पण कोणासाठी? मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ची. नववीतला मुलगा, आणीबाणीचा काळ, वर्गातली मुलगी. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या पुस्तकांतला लंपन तर त्याहून लहान. जगात कुठेही ही पुस्तके किशोरांच्या कपाटात ठेवली असती. आपल्याकडे ती चाळिशीच्या वाचकांनी स्वतःचे बालपण आठवण्यासाठी वाचली. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात ती कोणी दिली नाहीत, आणि त्याच चौदा वर्षांच्या मुलाने हॅरी पॉटर वाचला. त्याची मराठी भाषांतरे भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढली, ही गोष्टही आपल्या कथेत चपखल बसते.

साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. मराठीत तो २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे यांना मिळाला. चित्र आणि शब्द यांना बरोबरीने वागवणारी त्यांच्याइतकी लेखिका आपल्याकडे दुसरी नाही. त्यांच्या पुस्तकांतली मुले खरोखर मराठी बोलतात. अलीकडच्या काही वर्षांत हा पुरस्कार कादंबऱ्यांना वरचेवर मिळाला: २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२४ मध्ये भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’. मुलांसाठी लांब गोष्ट लिहिणे पुन्हा सुरू झाले, ही आनंदाची बाब. तरी बारा वर्षांपर्यंतचे कपाट भरते आहे आणि तेराव्या वर्षी ते एकदम रिकामे होते, ही जुनी अडचण संपलेली नाही.

मराठी टिकते की जाते हे नेमके याच वयात ठरते. सहा वर्षांचे मूल आजीची गोष्ट मराठीत ऐकते, त्याची काळजी नको. पंचविशीतला माणूस ठरवून मराठीकडे वळू शकतो. पण तेरा ते सतरा या वर्षांत माणूस लाज, प्रेम, राग, एकटेपणा यांना नावे देतो. ती नावे ज्या भाषेत मिळतात ती त्याची आतली भाषा होते. रायपूरच्या मुलाला ती हिंदीत मिळाली, त्याच्या मुलीला इंग्रजीत मिळते आहे. मंडळातल्या गणेशोत्सवात ती आरती बिनचूक म्हणते. मैत्रिणीशी भांडण झाले तर त्याबद्दल मराठीत बोलता येत नाही.

या बाबतीत मला शेजारचा धडा महत्त्वाचा वाटतो. विनोदकुमार शुक्ल रायपूरचे. वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी किशोरांसाठी कादंबरी लिहिली, ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’. तिच्यातला बोलू नावाचा मुलगा चालत असतानाच बोलतो. थांबला की गप्प. मोठ्या लेखकाने मुलांसाठी लिहिताना स्वतःची भाषा पातळ केली नाही, उलट आणखी मोकळी सोडली. मराठीतले मोठे लेखक कुमारांसाठी लिहायला बसले की अनेकदा आवाज बदलतात, जणू पाहुण्यांच्या मुलाशी बोलत आहेत.

आणि संतांचा लंपन दुसरा धडा देतो. बेळगावकडची कानडी हेल असलेली मराठी त्याने जशीच्या तशी वापरली, आणि तीच त्या पुस्तकांची ताकद ठरली. २०२४ मध्ये लंपनवर मालिका आली तेव्हाही लोकांना आठवली ती त्याची भाषा. आमच्याकडच्या मराठीलाही हेल आहे. आम्ही किल्लीला चाबी म्हणतो, ‘काय करून राहिला’ असे विचारतो, वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो. या मराठीची आम्हाला लाज वाटत आली. पुण्याहून पाहुणे आले की आम्ही ती लपवतो. या मराठीत अजून एकही लंपन बोललेला नाही.

त्याने आता बोलावे, आणि चित्रातून बोलावे, असे मला वाटते. कारणे व्यावहारिक आहेत. चित्रकथेत शब्द थोडे लागतात. ज्याचे मराठी वाचन अडखळते त्यालाही शंभर पाने पार करता येतात. चार रंगांचा खर्च टाळता येतो. इराणच्या मार्जान सत्रापी यांनी ‘पर्सेपोलिस’मध्ये आपल्या किशोरवयाची गोष्ट निव्वळ काळ्या-पांढऱ्यात सांगितली आणि ती जगभर वाचली गेली. काळी प्लेट तेवढी पुरते, आणि या वेळी ती मूळची मराठी असेल. फुगा आमच्या बोलण्याच्या मापाने काढला जाईल, त्यात ‘चाबी’ही मावेल आणि ‘करून राहिला’ही. चित्रे काढणारे हात आपल्याकडे कधीच कमी नव्हते. नागराजपासून सुपंडीपर्यंतचा इतिहास त्याची साक्ष आहे. आता लेखकाने तेरा वर्षांच्या मुलीला समोर बसवून, आवाज न बदलता, तिच्या मराठीत बोलायला हवे.